मिठानं मोजलेली नदी

नवीन पनवेल

हिमालयातल्या नद्या बर्फाच्या पाण्यावर वाहतात म्हणून त्या बारमाही असतात, हे वाक्य मी शाळेत इतक्यांदा फळ्यावर लिहिलं आहे की झोपेतसुद्धा लिहीन. प्रत्यक्षात मी जवळून पाहिलेल्या नद्या म्हणजे गाढी आणि कासाडी. जुलैमध्ये पुलाला टेकणारी आणि मार्चमध्ये म्हशी बसतील एवढीच उरणारी गाढी पाहिलेल्या बाईनं हिमालयाबद्दल बोलायचं आणि समोरच्या मुलांनी ते निमूट उतरवून घ्यायचं, असा आमचा व्यवहार होता.

निमूट उतरवून न घेणारी एक मुलगी होती. दर्शना. रोडपालीच्या जुन्या गावातली, आगरी घरातली. तिच्या आजोबांची मिठागरं होती. ती गेली, त्यांवर नव्या शहराचे सेक्टर उभे राहिले, पण घर खाडीच्या बाजूलाच राहिलं. नववीत असताना तिनं उभं राहून विचारलं होतं, "बाई, पन तो बर्फ किती हाय, पानी किती येतं, ते कोनी मोजलंय का?" मी म्हटलं, "मोजलं असेलच कुणीतरी." आणि पुढच्या धड्याकडे वळले.

ती मुलगी आता स्वतःच मोजते. एका संशोधन संस्थेत आहे. हिमाचलात सतलजला मिळणाऱ्या एका नदीवर तिचं काम चालतं. नदीवर धरण आहे. धरणाच्या वर नदीला तिचं स्वतःचं पाणी किती, आणि धरणाच्या खाली ते कसं नि केव्हा सुटतं, हे वर्षानुवर्षं टिपत राहायचं. एक-दोन वर्षांच्या आकड्यांना काही अर्थ नसतो म्हणे. लांबलचक साखळी लागते.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "बाई, भाऊबीज झाली की माझ्याबरोबर चला. माझा सहकारी आजारी आहे. मी पाण्यात उतरल्यावर काठावर उभं राहून आकडे लिहून घ्यायला माणूस हवाय. आणि तुमचं अक्षर चांगलं आहे."

निवृत्त बाईला अक्षराची तारीफ पुरते. आमचे हे म्हणाले, "गारठशील." मी म्हटलं, "गारठीन." लोकरीचे मोजे खारघरला मॉलमध्ये मिळाले. दुकानातला मुलगा म्हणाला, इथे हे वर्षभरात कुणी मागितलेच नव्हते.

बरशांग

रेल्वे आणि बसच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की शेवटच्या टप्प्यात मी खिडकीबाहेर बघणं सोडून दिलं होतं. दरी खिडकीतून दिसत नव्हती, म्हणजे ती थेट चाकाखाली होती.

बरशांग हे उतारावर चिकटवल्यासारखं गाव. दगड आणि देवदाराच्या लाकडाची घरं, वर पाटीच्या दगडांची छपरं, आणि चहूकडे सफरचंदाच्या बागा. तोडणी संपली होती. झाडांवर पानं पिवळी पडत होती आणि प्रत्येक अंगणात रिकाम्या पेट्यांची चळत होती. आम्ही उतरलो ते गावच्या प्रधानजींच्या घरी. प्रधान म्हणजे आपल्याकडचे सरपंच. साठीचे, हिरव्या पट्टीची टोपी, कमी बोलणारे. घर चालवते त्यांची सून, बिमला. तिचा नवरा चंडीगडला नोकरी करतो. बोलणं सगळं हिंदीत झालं; इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

पहिल्याच जेवणाला बिमलानं सिड्डू वाढले. गव्हाचं पीठ आंबवून, आत अक्रोडाचं सारण भरून वाफवलेला गोळा, मधोमध फोडून त्यावर तुपाची धार. उकडीच्या मोदकाचा डोंगरात राहायला गेलेला थोरला भाऊ म्हणा. मी नारळ-गूळ घालून आम्ही काय करतो ते सांगितलं, आणि तिनं ऐकून घेऊन विचारलं, "पण मग पोट कशानं भरतं?" दर्शनानं पिशवीतून जवळ्याची सुकी चटणी काढली. प्रधानजींनी वास घेतला, डबा शेजारी सरकवला आणि म्हणाले, "हे समुद्रालाच राहू द्या."

आणखी एक गंमत. इथे ओढ्याला खड्ड म्हणतात. "खड्डसे पानी आता है", "बच्चे खड्डमें नहाते हैं." पनवेलच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तो शब्द ऐकून दुसरंच काही येतं. मी बिमलाला आमच्या रस्त्यांबद्दल सांगितलं. ती हसून हसून खाली बसली.

सकाळी दर्शना मला नदीवर घेऊन गेली. गावाच्या वरच्या अंगाला धरण. तिथून पाणी बोगद्यातून वीजघरात जातं आणि गावाच्या जरा वर पुन्हा नदीत पडतं. काठच्या एका कातळावर तिनं आकडे असलेली उभी पट्टी बसवली आहे आणि पाण्याखाली एका नळीत पाण्याची उंची टिपणारं यंत्र. मी पोचले तेव्हा नदी अगदी किरकोळ होती. गोलगोल पांढरे दगड उघडे, मधून हिरवट पाण्याची धार. ही हिमालयातली नदी? मी जरा हिरमुसलेच.

"थांबा," दर्शना म्हणाली. "चहा प्या."

थर्मासातला चहा संपायच्या आत वरून भोंगा वाजला. गिरणीच्या भोंग्यासारखा, लांब. थोड्या वेळानं दगड एकमेकांवर घासल्यासारखा आवाज आला आणि पाहता पाहता नदी भरायला लागली. लाटा नाहीत, फेस नाही. नुसती फुगत गेली. मघाशी ज्या दगडावर खंड्या बसला होता तो दगड गेला.

"बाई, कशासारखं वाटतंय?"

माझ्या उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, "आमच्या खाडीसारखं. लहानपणी मी घराच्या मागच्या पायरीवर बसून हेच बघायची. भरती, ओहोटी. दोनदा. इथेपण दोनदा. सकाळी लोक उठले की आणि संध्याकाळी दिवे लागले की."

"पण खाडीला चंद्र आहे," मी म्हटलं.

"इथला चंद्र म्हणजे शहरांतले गीझर." ती हसली. "विजेची मागणी वाढली की वर मशीन चालू होतं, पाणी सुटतं. खाडीचं पंचांग असतं, माझा आजा तारीख बघून पाणी सांगायचा. ह्या नदीचं पंचांग मी बनवतेय."

मी नोकरीभर भूगोल शिकवला आणि नदीला वेळापत्रक असतं हे मला पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी मी पाण्याची उंची लिहून घेत दुपारपर्यंत तिथे बसले. कंटाळा आला नाही.

धरणाच्या वर

नदीचं स्वतःचं पाणी मोजायचं तर धरणाच्या वर जायला हवं. वाट देवदारांतून चढते. माझी चाल बघून दर्शनानं दर वळणावर काहीतरी दाखवायचं निमित्त काढलं: हा बघा जंगली जर्दाळू, ही बघा जुनी हिमनदी होती ती जागा. मुलगी मोठी झाली की ती बाईला थकलेली न म्हणता थांबवते.

वर पोचल्यावर मात्र मी दम लागल्याचं विसरले. दोन्ही बाजूंना राखाडी कडे, टोकाला पांढरी शिखरं, आणि मधून ती येत होती. खळाळत, दगडांवरून उड्या मारत, इतकी थंड की बोट बुडवलं तर दुखावं. ही कुणाच्या भोंग्यानं चालत नव्हती.

अशा उसळत्या पाण्यात नेहमीचं यंत्र चालत नाही. त्यासाठी दर्शना मीठ वापरते. आमटीत ठरावीक मीठ टाकलं तर पाणी कमी असेल तेव्हा ती खारट लागते, जास्त असेल तेव्हा अळणी. नदीचंही तसंच. मोजून घेतलेलं मीठ वर पाण्यात सोडायचं, खाली काही अंतरावर यंत्र धरून पाहायचं की पाण्यातला मिठाचा अंश किती वाढला. त्यावरून पाणी किती ते निघतं. ही मोजणी थंडीच्या तोंडावर, पाणी सर्वांत कमी असताना करायची आणि बर्फ पडायच्या आत उरकायची. ह्याच एका मोजणीसाठी ती पनवेलहून आली होती.

तिनं बादलीत मीठ विरघळवलं आणि ओतलं. मी खाली आकडे लिहीत होते. यंत्रावरचा आकडा चढला, थोडा वेळ टिकला, उतरला. "एक झाली," ती ओरडली. "अजून दोन दिवस अशाच घ्यायच्या."

तेवढ्यात वरच्या वाटेवरून कुणीतरी हाक मारली. प्रधानजी होते. गावाची कूहल, म्हणजे बागांना पाणी नेणारा पाट, तिथूनच थोड्या खालून फुटतो. त्याचं दार बघायला ते आले होते. त्यांनी रिकामी गोणी उचलली, आत बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ?"

दर्शनानं समजावायला सुरुवात केली. आमटीचं उदाहरण दिलं. प्रधानजींनी ते पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागच्या वर्षी पण टाकलं होतं?"

"हो."

"मागच्या वर्षी माझ्या खालच्या बागेतली झाडं वाळली." आवाज चढला नव्हता. "गावात आणखी चार जणांची वाळली. आता उद्यापासून काम बंद. गाव बसेल, मग बघू."

परत येताना दर्शना माझ्यापुढे झपझप चालत होती. घराजवळ आल्यावर ती एकदम वळली. चिडली की तिच्या तोंडून गावची बोली येते. "बाई, मी काय विष टाकतंय काय पान्यात? मीठ हाय ते! आमी त्याच्यावर जगलो. एवढ्या पान्यात ते कुठल्या झाडाला लागनार हाय?" मग जरा वेळानं, शांत होऊन, "आठवड्याभरात बर्फ आला तर ह्या वर्षीची मोजणी गेली. साखळीतली कडी तुटली की तुटली, ती नंतर जोडता येत नाही."

त्या संध्याकाळी जेवायला बसणं अवघड होतं. ज्या माणसानं काम थांबवलं त्याच्याच चुलीपाशी आम्ही बसलो होतो. प्रधानजींनी स्वतः तुपाचं भांडं उचललं आणि दर्शनाच्या राजम्यावर दुप्पट तूप ओतलं. आपल्याकडे पाहुण्याशी बिनसलं तर चहा पातळ होतो. इथे राग आणि पाहुणचार ह्यांचे हात वेगळे असावेत.

पलीकडचा काठ

दुसरा दिवस रविवार. काम नव्हतं. दर्शना खोलीत आकडे तपासत बसली. बिमला म्हणाली, "मी पलीकडे गवत आणायला जाते, येता का?"

पूल बराच खाली आहे. पाणी उतरलेलं असतं तेव्हा गावच्या बायका दगडांवरून पाय टाकत नदी ओलांडतात. मी भीत भीत विचारलं, "भोंगा?"

"रविवारी उशिरा वाजतो," बिमला म्हणाली. "आणि वाजला की वेळ असतो."

तिचा हात धरून मी पार झाले. पलीकडे छोटंसं कुरण होतं, मागे सरळ कडा. बिमला विळ्यानं सपासप गवत कापत बोलत होती. "माझं लग्न झालं तेव्हा धरण नव्हतं. सासूबाई सांगायच्या, सकाळी नदी लहान, ऊन चढलं की वर बर्फ वितळतो, ते पाणी इथे पोचायला संध्याकाळ होते. म्हणजे गवताला सकाळी जा आणि दुपारी घरी या. सगळ्यांना ठाऊक होतं. आता कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्यांचं खेचर असंच गेलं. उभं होतं पाणी पीत."

तिचा भारा बांधून व्हायच्या आत भोंगा वाजला.

बिमला थबकली. "एवढ्या लवकर?" आम्ही काठाशी धावलो. म्हणजे ती धावली. मी दगडांवरून घसरत गेले आणि गुडघा फोडून घेतला. ती एकटी असती तर सुटली असती. तिनं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भारा खाली टाकला. "नको. बसूया."

नदी भरायला लागली. कालपरवा काठावर चहा पीत पाहिलेलं तेच पाणी आता माझ्याकडे येत होतं. कुरण पाण्यापासून फार उंच नव्हतं. मागच्या कड्यावर चढणं बिमलाला कदाचित जमलं असतं. मी कुठून चढणार? मला आमच्या ह्यांची आठवण आली नाही, देवाची आली नाही. आपले लोकरीचे मोजे भिजणार एवढंच डोक्यात आलं. घाबरलेलं डोकं काय काय धरून बसतं.

पलीकडच्या काठावर माणसं जमली. प्रधानजी हात हलवून काहीतरी ओरडत होते. पाण्याच्या आवाजात एक अक्षर कळत नव्हतं. आणि मग माझा फोन वाजला. समोरच्याच काठावरून. दर्शना तिच्या पट्टीशेजारी ओणवी होऊन बसलेली मला दिसत होती.

"बाई, ऐका. तुमच्या उजव्या हाताला पांढरी रेघ असलेला मोठा दगड दिसतो?"

"दिसतो."

"त्याच्या मागच्या उंचवट्यावर जा दोघी. आत्ता एकच मशीन चालू झालंय, पट्टीवर पाणी चढतंय त्यावरून कळतं. एका मशीनला पाणी त्या रेघेच्या वर येत नाही."

"नक्की?"

"वर्षभराच्या आकड्यांवरून सांगतेय. आजवर आलेलं नाही."

"आणि दुसरं चालू झालं तर?"

"ते दिवेलागणीला. त्याच्या आधी मधे पाणी उतरतं. मी सांगेन तेव्हा उठायचं, थांबायचं नाही. भारा सोडा म्हणावं बिमलाभाभीला."

आम्ही उंचवट्यावर जाऊन बसलो. बिमलानं ओढणीच्या गाठीतून एक सफरचंद काढलं, विळ्यानं दोन भाग केले. इतकं गोड सफरचंद मी खाल्लं नसेन आणि इतकं न चावता गिळलंही नसेन. पाणी चढत होतं. ते दगडाच्या पायाशी आलं, पोटाशी आलं, रेघेच्या एक वीत खाली आलं. तिथे बराच वेळ हेलकावत राहिलं. बिमला पुटपुटत होती. तिच्या देवतेचं नाव असावं. मी रेघेवरची नजर काढली नाही.

ते रेघेला लागलं नाही.

ऊन कड्यावर गेलं तेव्हा फोन पुन्हा वाजला. "उतरायला लागलंय. पहिला दगड उघडा झाला की निघा." दगड उघडा झाला. आम्ही निघालो. मधल्या धारेपाशी माझा पाय उचलेना, तेव्हा प्रधानजी गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी मनगट धरून मला ओढून घेतलं, मागून सुनेला घेतलं, आणि काठावर आल्यावर टोपी काढून डोकं पुसलं. घाम होता, एवढ्या थंडीत.

बिमलानं भारा आणला होता. दर्शनानं तिच्याकडे पाहिलं. "सोडा म्हणाले होते ना?"

"गाय उपाशी राहिली असती," बिमला म्हणाली.

प्रधानजींचं अंगण

बैठक दुसऱ्या सकाळी झाली. वीसेक माणसं, पेट्या उलट्या करून त्यांवर बसलेली. बायका पायऱ्यांवर. दर्शनानं मला आधीच बजावलं होतं, "बाई, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही शिकवायला लागाल." मी खालचा ओठ दातांखाली धरून बसले.

एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "देवतेला विचारलं का मीठ टाकायच्या आधी?"

"नाही विचारलं," दर्शना म्हणाली. "मला माहीत नव्हतं विचारायचं असतं. गावालापण विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं."

प्रधानजी म्हणाले, "देवतेला मी विचारीन. आधी मुलीला विचारू. झाडं मिठानं वाळली की नाही?"

"एवढ्याशा मिठानं वाळणार नाहीत, असं मला वाटतं. ते काही मिनिटांत वाहून जातं. पण तुमची झाडं कशानं वाळली ते मला ठाऊक नाही. मी झाडांची जाणकार नाही."

"मीठ तुला कसलं ठाऊक?" कुणीतरी मागून म्हणालं.

तेव्हा तिनं आजोबांच्या मिठागरांबद्दल सांगितलं. भरतीचं पाणी वाफ्यांत कसं घ्यायचे, ऊन कसं ते आटवायचं, सांडलेल्या मिठावर कुणाचा पाय पडला तर आजा कसा ओरडायचा. मग त्या जमिनीवर इमारती आल्या. सांगताना तिनं आवाज लावला नाही. बायकांपैकी एक म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे पण आधी माणसं जमीन मोजायलाच आली होती."

"हो," दर्शना म्हणाली. "आधी मोजायलाच येतात."

मला वाटलं, संपलं. हिनं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. प्रधानजींनी मग तो प्रश्न विचारला, ज्यासाठी खरं तर सगळे बसले होते. "एक सांग. आमची नदी कमी होते आहे का?"

"मला अजून माहीत नाही."

"वर्ष झालं मोजतेस."

"एका वर्षात नदी काहीच सांगत नाही. बर्फ एका वर्षी जास्त पडतो, एका वर्षी कमी. बरीच वर्षं एकापुढे एक ठेवावी लागतील, मग दिसेल. तेव्हा मी तुम्हाला सगळ्यांत आधी सांगेन. आत्ता हो म्हटलं तरी ते खोटं, नाही म्हटलं तरी खोटं."

"चार दिवस आमचे सिड्डू खाल्ले आणि माहीत नाही म्हणते!" आजोबा म्हणाले. पायऱ्यांवर हशा झाला आणि मी दातांखालचा ओठ सोडला.

बिमला उठली. सासऱ्यांसमोर ती अशी बोलताना मी पाहिली नव्हती. "काल हिनं पाणी कुठपर्यंत येणार ते सांगितलं. तिथपर्यंतच आलं. मला तेवढं हवं आहे. कुठल्या दिवशी कधी येतं, किती येतं, ते गावात भिंतीवर लिहून लावा. मग मोजा किती मोजायचं ते."

मग खरी घासाघीस झाली, आणि ती मला फार आवडली, कारण तिच्यात उपकार कुणीच कुणावर करत नव्हतं. मीठ कूहलीच्या तोंडाच्या खाली टाकायचं, वर नाही. दर्शना म्हणाली, "मग कूहलीत गेलेलं पाणी माझ्या मोजणीतून सुटेल. ते वेगळं मोजावं लागेल, वर्षभर, आणि मी इथे वर्षभर नसते." बिमला म्हणाली, "कूहलीचं दार मीच उघडते. दाखव कसं मोजायचं." भिंतीवरच्या माहितीखाली दर्शनानं एक ओळ घालायची अट घातली: हे आजवर दिसलेलं आहे, भोंगा वाजला की आधी वर या. त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. आजोबांनी पुजाऱ्याच्या तोंडून देवतेचा निरोप येईपर्यंत थांबायला लावलं. तो दुपारी आला. देवतेची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोजणीला प्रधानजी हजर. खाली, मी यंत्र धरून बसले होते तिथे, हातात पितळी पेला घेऊन. वरून दर्शनानं मीठ सोडलं. यंत्रावरचा आकडा चढत चढत टोकाला गेला, तेव्हा मी खूण केली. त्यांनी पेला बुडवला आणि सावकाश सगळा प्यायला.

"खारट?" मी विचारलं.

त्यांनी जीभ टाळ्याला लावून विचार केला.

"थंड," ते म्हणाले.

आणि दुसऱ्या पेल्याला वाकले; तोवर आकडा उतरला होता.

मोजण्या पुऱ्या झाल्या. मी निघाले त्या सकाळी दर्शना अजून राहणार होती. बिमलाला कूहलीची मोजणी शिकवून मगच ती येणार होती. बसला वेळ होता. मी अंगणात आले तर सगळे घराबाहेर उभे राहून एकाच दिशेला वर बघत होते. काल संध्याकाळपर्यंत राखाडी असलेला समोरचा डोंगर अर्ध्यापर्यंत पांढरा झाला होता. खाली आमच्याकडे नुसता वारा होता, पण वर बर्फ अजून पडत होता. ढगाच्या कडेला धुरासारखा दिसत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिला, तो असा, दुरून, हातात थर्मास घेऊन.

"आलं पुढच्या वर्षीचं पाणी," बिमला म्हणाली. आपण दूधवाला आला म्हणतो तसं म्हणाली, आणि गाईकडे गेली.

दर्शना माझ्या शेजारी उभी होती. "बाई, हे मे महिन्यात इथून जाईल. वरच्या मोजणीत मला ते दिसेल."

"सगळं?"

"थोडं उन्हानं उडेल. थोडं जमिनीत मुरेल. उरलेलं दिसेल."

बसनं हॉर्न दिला. प्रधानजींनी सफरचंदांची पेटी टपावर चढवली आणि माझं काही न ऐकता दोरीनं आवळली. वळणावरून मी मागे पाहिलं. बिमला गुडघ्यावर बसून कूहलीच्या दारात लाकडी पट्टी धरून होती, दर्शना तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. बिमलानं आकडा वाचला असावा, कारण दर्शनानं मान हलवली: नाही, पुन्हा. बिमलानं पट्टी पुसली आणि पुन्हा पाण्यात धरली.